सायकल, मोटारसायकल आणि मधला नफा

श्रोतेहो, सायकल विकणाऱ्याला जास्त नफा राहतो की मोटारसायकल विकणाऱ्याला, असे कोणी विचारले तर तुम्ही काय उत्तर द्याल? आमच्या रेणापुरात दहा जणांना विचारले तर नऊ जण मोटारसायकलीकडे बोट दाखवतील. एकीकडे काचेचे शोरूम, दसऱ्याला गाडीला घातलेला झेंडूचा हार, नारळ, पेढे. दुसरीकडे दारात टांगलेले टायर, पंक्चरचे पाण्याचे घमेले आणि ग्रीसने काळे झालेले हात. दिसण्यावरून केलेला हा निवाडा अगदीच खोटा नाही, पण तो अर्धाच खरा आहे. राहिलेला अर्धा भाग आज हिशोब मांडून पाहू. मी महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो, त्यामुळे आकडे टाळता येणार नाहीत. पण पाटीवर करता येतील एवढेच आकडे घेईन.

प्रथम एक जुनी हकिगत सांगतो. गोष्ट १८८८ सालची, बेळगावची. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकलेचे शिक्षक असलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी मुंबईत सायकली पाहिल्या. त्यांनी तिकडून सायकली पाठवायच्या आणि बेळगावात त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी त्या विकायच्या, असा धंदा सुरू झाला. दुकानावर पाटी होती ‘किर्लोस्कर ब्रदर्स’. पुढे लोखंडी नांगर आणि पाण्याचे पंप घरोघर पोहोचवणारे हे नाव पहिल्याने लोकांसमोर आले ते सायकलीच्या दुकानावर! सायकलीची किंमत तेव्हा ७०० ते १००० रुपये होती असे सांगतात. ज्या काळी मोठ्या पगाराच्या माणसालाही एवढी रक्कम जमवायला वर्षे लागत, त्या काळची ही किंमत आहे. पण मला याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी रक्कम. सायकल चालवायला शिकवण्याचे ते वेगळे १५ रुपये घेत. वस्तूच्या विक्रीतून मिळणारा पैसा एक आणि वस्तूच्या मागोमाग येणाऱ्या सेवेचा पैसा दुसरा, हा भेद त्या चित्रकलेच्या मास्तरांनी पहिल्याच धंद्यात ओळखला होता. आजच्या मोटारसायकलीच्या शोरूमचे निम्मे गणित या १५ रुपयांत आहे. ते कसे, ते पुढे येईलच.

आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. इकडे बाहेरचा माल यायचा तो करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरून. आणि नाणेही वेगळे, हाली शिक्क्याचे. सात हाली रुपये मोजावे तेव्हा सहा कलदार हाती यायचे. म्हणजे मुंबईची सायकल मराठवाड्यातल्या खेड्यात पोहोचेपर्यंत तिच्यावर जकातही चढे आणि बट्टाही बसे. किंमत कारखान्यात ठरते असे आपण समजतो, पण ती वाटेतही ठरत असते, याचा धडा आपल्या आजोबा-पणजोबांनी असा घेतला होता.

स्वातंत्र्यानंतर देशात सायकलीचे कारखाने निघाले. सोनीपतची ॲटलस, मद्रासजवळ अंबत्तूरची टी. आय., आसनसोलची सेन-रॅले. आणि १९५६ साली लुधियान्याला मुंजाल बंधूंनी काढलेली हीरो. याच हीरो सायकलीचे नाव १९८६ साली जगातली सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनीज बुकात गेले. आणि याच घराण्याने १९८४ साली जपानच्या होंडाबरोबर भागीदारी करून मोटारसायकली काढल्या. एकाच घरात दोन्ही धंदे! आपल्या विषयाला यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडायचे नाही.

आता या मोटारसायकलीच्या कंपनीचा जाहीर ताळेबंद पाहा. होंडाशी फारकत झाल्यावर तिचे नाव हीरो मोटोकॉर्प झाले. २०२४-२५ या वर्षात तिने सुमारे ५९ लाख गाड्या विकल्या. विक्रीचे उत्पन्न ४०,७५६ कोटी रुपये आणि सर्व कर भरून निव्वळ नफा ४,६१० कोटी. भागाकार करून पाहा. सुट्या भागांचे आणि इतर उत्पन्न धरून, दर गाडीमागे कंपनीकडे साधारण ६९,००० रुपये आले आणि त्यांतले ७,८०० रुपये नफा म्हणून उरले. बजाज ऑटो तर आपल्या शेजारची; तिचा एक मोठा कारखाना १९८५ पासून मराठवाड्यातच, वाळूजला आहे. तिचा त्याच वर्षाचा निव्वळ नफा ८,१५१ कोटी, उत्पन्न ५०,००० कोटींच्या थोडे वर. म्हणजे शंभर रुपयांमागे सोळा. अर्थात तिच्या रिक्षा आणि परदेशी जाणारा मालही यात आहे.

सायकलीच्या कारखान्याला असा नफा का सुटत नाही? कारण सरळ आहे. सायकल म्हणजे पंधरा-वीस किलो लोखंड आणि रबर. तिचा आराखडा शंभर वर्षांत फारसा बदललेला नाही. लुधियान्याच्या गल्ल्यांतून कोणी फक्त पायडल करतो, कोणी फक्त घंटी, कोणी स्पोक. ज्याला चार यंत्रे घेता आली तो या धंद्यात उतरू शकतो. आणि जिथे कोणालाही शिरता येते, तिथे शंभरातले दोन-चार रुपये सुटले तरी पुष्कळ झाले. मोटारसायकलीचे तसे नाही. इंजिन, त्याची चाचणी, धुराचे कायदे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला तेव्हा कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले आणि किंमत काही हजारांनी चढली. एवढे सगळे पेलणाऱ्या कंपन्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कुंपण उंच असले की आतल्या बागेत फळ जास्त राहते. सायकलीच्या बागेला कुंपणच नाही. १९५१ साली सुरू झालेल्या ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता! कच्चा माल घ्यायलाही पैसे नाहीत, असे कारण फाटकावरच्या नोटिशीत दिले होते.

हे झाले कारखान्याचे. आता दुकानात येऊ या, कारण तुमचा-माझा संबंध दुकानदाराशी. आणि इथे चित्र एकदम उलटे होते.

हिशोबासाठी सोपे आकडे धरू. कर दोन्हीकडे बाजूला ठेवू. सायकल दुकानदाराला ५,००० ला पडली, त्याने ५,७०० ला विकली. सातशे रुपये सुटले. गुंतवलेल्या शंभर रुपयांवर चौदा. मोटारसायकल शोरूमवाल्याला ६१,००० ला पडली आणि ६३,५०० ला गेली. अडीच हजार सुटले, शंभरावर चार. मोटारसायकलीच्या विक्रीवर दुकानदाराला शेकडा तीन ते पाच एवढीच सूट मिळते, असे त्या धंद्यातली माणसे सांगतात. म्हणजे टक्क्यांच्या भाषेत सायकलवाला वरचढ, रुपयांच्या भाषेत मोटारसायकलवाला.

मग खरे कोणते? याचे उत्तर टक्क्यांतही नाही आणि रुपयांतही नाही. ते आहे कॅलेंडरात. माल किती दिवस पडून राहिला, हा व्यापारातला खरा प्रश्न. सायकलींचा खप एकसारखा नसतो. जूनमध्ये शाळा उघडल्या की उठाव, मग बराच काळ शुकशुकाट. एक सायकल सरासरी तीन महिने दुकानात राहते असे धरा. मोटारसायकल एक महिना. मग तीन महिन्यांत त्या एकसष्ट हजारांनी तीन फेऱ्या केल्या आणि साडेसात हजार आणले. शंभरावर बारा-सव्वाबारा. सायकलीचे चौदा तीन महिन्यांत एकदाच. आले की नाही दोघे जवळजवळ एका पातळीवर? आपल्याकडचा भुसार व्यापारी हे शाळेत न जाताही जाणतो. आठवड्याला फिरणाऱ्या पैशावर तो कमी नफा घेतो, वर्षाला फिरणाऱ्यावर जास्त.

पण अजून एक मेख आहे. मोटारसायकलीचे भांडवल बहुधा बँकेचे असते. महिन्याला शेकडा एक व्याज धरले तर अडीच हजारांतले ६१० व्याजात गेले. मग काचेच्या जागेचे भाडे, विजेचे बिल, चार पोरांचे पगार. विक्रीच्या नफ्यावर एवढा डोलारा उभा राहणे कठीण. मग तो उभा कशावर असतो? किर्लोस्करांच्या त्या १५ रुपयांवर! गाडीची सर्व्हिसिंग, ऑइल, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक-शू, वर बसवलेले गार्ड आणि सीट-कव्हर, विम्यावरचे कमिशन, आणि सर्वांत गोड म्हणजे कर्जाच्या कागदावरचे कमिशन. गाडी हे दार आहे, दुकान आत आहे. बजाज कंपनीने १९८७ साली दुचाकी-तीनचाकीसाठी कर्ज देणारी स्वतंत्र संस्थाच काढली. तीच आज बजाज फायनान्स म्हणून देशातल्या मोठ्या वित्तसंस्थांत गणली जाते. त्यावरून काय ते समजा.

सायकलवाल्याची सेवा म्हणजे पंक्चर, ट्रूइंग, ओव्हरऑइल. त्यात पैसा थोडा, पण तो सगळा त्याच्या हाताचा. त्यात बँकेचा वाटा नाही. शिवाय सायकल त्याच्याकडे खोक्यांतून सुटी येते आणि जोडणी तो स्वतः करतो. सातशेतले काही रुपये ही त्याची मजुरीच आहे. तिला आपण नफा म्हणतो, हा आपला हिशोबातला आळस.

यातून किमतीचा एक फरक निघतो, तो गिऱ्हाइकाने नीट ध्यानात घ्यावा. मोटारसायकलीची किंमत कंपनी जाहीर करते. लातूरला काय आणि रेणापूरला काय, शोरूमचा आकडा जवळपास एकच. तिथे घासाघीस करायची असेल तर ती हेल्मेट, विमा आणि ‘हँडलिंग’च्या नावाखाली लावलेल्या रकमेवर. सायकलीची किंमत मात्र दुकानातच जन्मते. फ्रेम एका कंपनीची, रिम दुसऱ्याची, टायर तिसऱ्याचे, आणि वर स्टिकर चौथ्याचे! म्हणून एकाच रंगाच्या दोन सायकलींत आठशे रुपयांचा फरक पडतो आणि तो रास्त की गैर, हे सांगणे अवघड जाते.

याचा प्रत्यय नुकताच आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कर बदलला. ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. सायकलींवरचा १२ वरून ५ वर. ज्या गाडीची मूळ किंमत साडेत्रेसष्ट हजार, तिचे करासह ८१,००० च्या वर होत होते ते ७५,००० झाले. सहा हजारांचा फरक. पेपरात छापून आला, सगळ्यांनी वाचला, कंपनीला द्यावाच लागला. सायकलीवर तसाच हिशोब केला तर ६,४०० ची ६,००० ला यायला हवी. हे चारशे रुपये किती दुकानांत उतरले? छापील भाव नसेल तर गिऱ्हाइकाला ते कळणार कसे?

आता घराच्या बाजूने पाहू. ७५,००० ची गाडी घरी येते तेव्हा ती ७५,००० ची राहत नाही. शंभर सीसीच्या आतल्या गाडीवर राज्याचा एकरकमी कर दहा टक्के, म्हणजे साडेसात हजार. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदमच घ्यावा लागतो. ७५ ते १५० सीसीच्या गाडीला तो ३,८५१ रुपये. वर गाडीचा स्वतःचा विमा, पासिंग, नंबर-पाटी. एमएच-२४ ची पाटी लागेपर्यंत ८८,००० धरा.

हे ८८,००० आपल्या पिकात मोजा. २०२५-२६ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता. त्या भावाने गाडी म्हणजे साडेसोळा क्विंटल, सायकल म्हणजे एक क्विंटल आणि वर थोडे. पण त्या हंगामात आडतीवर भाव हमीभावाच्या खालीच राहिला, हे तुम्हांला मी सांगायला नको. ४,२०० ने विकले असेल तर एकवीस क्विंटल. एकरी सात क्विंटल झाले असे धरले, तर तीन एकरांचे सगळे पीक दाराशी दोन चाकांवर उभे राहिले. बी, खत, फवारणी, काढणीची मजुरी बाजूलाच.

रोख एवढे नसतात, म्हणून हप्ता. इथे मला जरा सावकाश बोलायचे आहे. समजा २८,००० रोख भरले आणि ६०,००० कर्ज काढले. सांगणारा सांगतो, ‘काका, व्याज फक्त बारा टक्के.’ तीन वर्षांचे व्याज २१,६००. एकूण ८१,६०० भागिले ३६. हप्ता २,२६७ रुपये. ऐकायला सोपे वाटते. पण हे बारा टक्के त्याने पहिल्या दिवसाच्या साठ हजारांवर शेवटपर्यंत लावले. तुम्ही तर दर महिन्याला मुद्दल फेडत आहात! दीड वर्षाने तुमच्याकडे निम्म्याच्या आसपास मुद्दल राहिले, तरी व्याज सगळ्यावर. घटत्या शिलकीवर मांडले तर हा दर वर्षाला एकवीस टक्क्यांच्या वर जातो. शिक्षक मंडळींना विनंती, हे गणित आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर सोडवा. मूल घरी जाऊन सांगेल आणि बाप सहीच्या आधी थबकेल. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा कर्जाबरोबर मुख्य बाबींचे एक पत्रक देणे संस्थेला बंधनकारक आहे आणि त्यात सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर लिहावा लागतो. तो कागद मागून घ्या. तोंडी टक्का ऐकू नका.

हप्त्यावर पेट्रोल आले. रेणापूर ते लातूर जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर धरले, लिटरला साठचे ॲव्हरेज धरले आणि पेट्रोल शंभरावर धरले, तर रोजचे सत्तर, महिन्याचे सतराशे-साडेसतराशे. म्हणजे गाडी महिन्याला चार हजार खाते. ज्याची लातुरात नोकरी आहे, दूध घालायचे आहे, भाजी पोहोचवायची आहे, त्याला ती चार हजारांहून जास्त मिळवून देते. त्याने जरूर घ्यावी. मी मोटारसायकलीचा वैरी नाही. खरोळ्याहून किंवा पानगावाहून रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेताना सायकलीचे गुण गाऊन भागत नाही. पण जी गाडी चावडीपासून पारापर्यंत आणि पारापासून हॉटेलापर्यंतच फिरते, तिचे चार हजार कोण मिळवते? बहुधा घरातली बाई, दुसऱ्याच्या रानात खुरपून.

जनगणनेत हे स्पष्ट दिसते. २००१ साली देशातल्या शंभर घरांपैकी बारा घरांत स्कूटर वा मोटारसायकल होती. २०११ साली ती एकवीस घरांत झाली. सायकल मात्र तेव्हाही चव्वेचाळीस घरांत आणि नंतरही पंचेचाळीसच. दहा वर्षांत गाडी आली, पण सायकल हटली नाही. ती फक्त बापाच्या हातून लेकीच्या हाती गेली, असे निदान मला शाळांच्या आवारात उभ्या सायकली पाहून वाटते.

आणि माझ्या मते नफ्या-तोट्याचा खरा प्रश्न इथे आहे. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात झाली. पुढे कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण जवळपास तीस टक्क्यांनी वाढलेले आढळले. आणि ही वाढ शाळा लांब असलेल्या गावांत जास्त होती. दोन हजारांच्या गुंतवणुकीवर असा परतावा मी वाणिज्याच्या कुठल्याही पुस्तकात पाहिलेला नाही. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात; २०२२ साली ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार करण्यात आली.

आता दुकानदाराच्या जागी बसून पाहा. अनुदान पाच हजार आहे हे त्याला ठाऊक आहे. मग त्याच्याकडे बरोबर पाच हजारांची सायकल तयार असते. साडेतीन हजार होते तेव्हा साडेतीनची होती. किंमत ठरलेली असली की फरक पडतो तो मालात. रिमचा पत्रा पातळ, बॉल-बेअरिंग हलके, ब्रेकचे रबर असे की पावसात धरतच नाही. ही सायकल पहिल्या वर्षी चालते. दुसऱ्या पावसाळ्यात रिम वाकडी होते, सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकते आणि पोर पुन्हा पायी. नववीतली मुलगी चार किलोमीटर पायी जाते, दहावीत जातेच असे नाही.

म्हणून मुख्याध्यापकांना आणि शाळा समितीच्या सभासदांना एक सुचवतो. पैसे मुलीच्या खात्यावर येतात, खरेदी पालक एकेकटे करतात आणि एकेकट्याला दुकानदार भाव सांगतो. वीस पालक एकत्र गेले तर गणित बदलते. त्याचा तीन महिन्यांचा माल एका दिवसात उठतो, भांडवल लगेच मोकळे होते. मग सातशेच्या जागी चारशेवर तो आनंदाने राजी होईल. ते वाचलेले तीनशे भाव पाडण्यात घालवू नका. जाड रिम, चांगले टायर आणि पक्का ब्रेक यांत घाला. पावतीवर प्रत्येक भागाची कंपनी लिहून घ्या, कराचा दर पाहा, आणि वर्षभरात दोनदा शाळेत येऊन चाके ट्रू करून देण्याची अट त्यातच घाला. हे बोलणे जूनमध्ये करू नका. तेव्हा गर्दी असते आणि दुकानदार मान वर करत नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा, दुपारच्या वेळी, दुकान रिकामे असताना.